सातव्या नावाला बटण

धार
२० नोव्हेंबर २०२४

चि. आरोहीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

दिवाळी करून गेलीस त्याला पंधरा दिवस झाले. पोचल्याचं कळवते म्हणाली होतीस. कळवलंस का? मी म्हातारी, माझ्या लक्षात राहिलं नसेल, म्हणून विचारते. तुझ्या वस्तू मात्र माझ्या सगळ्या लक्षात आहेत. न्हाणीघरात टॉवेल, खिडकीत चार्जर, फ्रिजवर चष्म्याची डबी. आणि डबीत चष्मा! म्हणजे धारहून देवासपर्यंत तू बिनचष्म्याची गेलीस आणि तुझ्या ध्यानातही आलं नाही. ही मुलगी लोकांना काय बघायला शिकवणार, असं मी शालिग्राम मास्तरांना विचारलं. ते हसले, पण लिहीनात. मी म्हटलं, हेही लिहा.

मास्तर म्हणजे आपले समोरचेच, शाळेतून निवृत्त झालेले. मी बोलते, ते लिहितात. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांना गप्प बसता येत नाही हे तुला कळेलच. फोन कर म्हणू नकोस. फोनवर तू 'हाँ अक्का, हाँ अक्का' करतेस आणि तिकडे बोटांनी दुसरंच चालू असतं, मला टकटक ऐकू येते. पत्राला बसावं लागतं. तुझ्या मराठीला तर दोनदा बसावं लागेल. बस.

आता कामाचं. मागल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडी सापडली. तुझ्या आजोबांच्या दुकानाच्या व्हिडिओ कॅसेटी त्यात आहेत. मी हात फिरवून मोजल्या, एक कमी आहे. नेलीस तर नेलीस, पण कोणती? मला नावं वाचता येत नसत, म्हणून मी खुणा करत असे. लग्नाला कुंकू, मुंजीला हळद. एकीलाच काजळाची तीट होती. तुझ्या कॅसेटीवर काळा ठिपका होता का, एवढंच कळव.

तू येताना देवासहून गराडू आणलास, पण कापून. घरी पोचेस्तो सगळा काळा आणि बुळबुळीत. कंद कापून प्रवासाला नेतात का गं? पुढल्या खेपेला डोकं लाव.

तुझी,
अक्का

(आरोही बेटा, मी गप्प बसतो. जेव्हा गरज असते तेव्हाच बोलतो. — शालिग्राम)


देवास
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का, नमस्कार.

सॉरी, सॉरी, सॉरी. चष्मा विक्रमसिंह भियाच्या बसमधून पाठवून दे ना. ते रोज धार-देवास करतात, स्टँडवर मी घेऊन घेईन. तुझं पत्र वाचायला मला पाऊण तास लागला. मोठ्याने वाचत होते तर घरमालकीण विचारायला आली की कोणती पोथी आहे.

हो, काळा ठिपका होता. मला वाटलं फफूंद आहे, म्हणजे बुरशी, जुन्या टेपांना लागते ना, म्हणून स्पिरिटने पुसून टाकला. पण अक्का, त्या टेपमध्ये काय आहे तुला माहितीये का? सच्ची सांगते, मी पाहिलं आणि खुर्चीवरून उठलेच.

त्यात फक्त हात आहेत. लग्नातल्या बायका. कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर पडला की त्या हात वर करतात, 'बस करो' असा, आणि तोंड लपवतात. एक स्वयंपाकघरात, एक मेंदी लावताना, एक जेवता जेवता. एकामागून एक एकतीस बायका, आणि प्रत्येक तुकडा बरोबर सात सेकंदांचा. ना गाणं, ना नवरा-नवरी, ना बदामाच्या आकारात फोटो. आजोबांनी हे १९८९-९० च्या सुमाराला केलंय, धारसारख्या ठिकाणी बसून!

तुला नीट सांगते. परदेशात साठेक वर्षांपूर्वी खांद्यावर घेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा आला, तेव्हा कलाकारांनी तो उचलला. टीव्हीवाल्यांची परवानगी नको, फिल्म धुवायला नको. चित्रकार जसा रंग वापरतो तसा ते व्हिडिओ वापरू लागले. त्यात गोष्ट नसते. भिंतीवर चालत राहतो, माणसं येऊन बघतात, जातात. आपल्याकडे मात्र कॅमेरा आला तो सीधा लग्नात घुसला. म्हणून सगळे म्हणतात की माळव्यात व्हिडिओकलेला इतिहासच नाही. आणि इथे आपल्या पेटीत इतिहास पडलेला!

२८ डिसेंबरपासून देवासला एक प्रदर्शन आहे. अंबरीश सर करतायत, मोठे जाणकार आहेत. माझे व्हिडिओ त्यांनी तीनदा परत केले होते. ही टेप दाखवली तर म्हणाले, हिला आतली मोठी भिंत देऊ. मी टिपण पण लिहिलंय: 'यशवंतरावांनी स्वतःच्याच पुरुषी नजरेवर उगारलेले एकतीस हात.' अंबरीश सरांनी त्यात जोडलं की सात सेकंद म्हणजे सप्तपदी.

शाळेत मुलांना कंप्युटर शिकवून शिकवून मी थकलेय अक्का. हा माझा पहिला खरा चान्स आहे.

तुझी,
आरोही


धार
४ डिसेंबर २०२४

चि. आरोहीस आशीर्वाद.

चष्मा विक्रमसिंहकडे दिला आहे. तो म्हणाला, 'अक्का, भूल जाती है तो गले में बांध दो.' बांध.

मास्तरांनी तुझं पत्र तीनदा वाचून दाखवलं. 'पुरुषी नजर' आलं तेव्हा त्यांचाच चष्मा खाली पडला. सप्तपदीला मात्र मी एवढी हसले की ठसका लागला. सात म्हणजे सप्तपदी! मग माझ्याकडे सात बरण्या आहेत लोणच्याच्या, त्यांचंही टिपण लिहून घ्या म्हणावं त्या अंबरीशला.

आणि ती तीट नजर लागू नये म्हणून लावली होती बाई. तीच तू पुसलीस.

तुझ्या आजोबांबद्दल लिहिलंस ते ऐकून बरं वाटलं. धंद्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. राजगढ म्हणू नकोस, डही म्हणू नकोस, जिथे बोलावतील तिथे खांद्यावर कॅमेरा घेऊन जायचे. सोबत दिवा धरायला माणूस लागे. तो हॅलोजन असा तापायचा की त्यावर पापड भाजावा. रात्रभर लग्न, सकाळी विदाई, मग घरी येऊन हे जे झोपायचे ते दिवे लागायलाच उठायचे. आणि आठ दिवसांत गिऱ्हाइकाला कॅसेट तयार पाहिजे. पुन्हा गिऱ्हाईक सांगणार, हे काढा, ते काढा, मामा घोरतोय तो काढा, नवरीनं तोंड फिरवलं ते काढा.

झोपलेला माणूस हे सगळं कसं काढत असेल? तू शिकलेली आहेस, जरा विचार कर. अंबरीश तर जाणकार आहे, त्यालाही विचारायला सांग.

कॅसेट जशी आहे तशी ठेव. तिला सजवू नकोस. आणि भिंतीवर चढवण्याआधी मला एकदा दाखव. मला वाचता येत नाही, बघता येतं.

अक्का

(बेटा, मलाही काही विचारायचं होतं, पण अक्का म्हणतात की हे पत्र त्यांचं आहे. — शालिग्राम)


देवास
११ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

तू कोड्यात का बोलतेस? सीधा सांग ना. मी इथे आधीच डोक्याला हात लावून बसलेय. व्हीसीआर मिळत नव्हता. टेकडीखालच्या एका रेडिओवाल्याकडून एक आणला, तो चालतो तर चालतो, नाहीतर थपडा माराव्या लागतात. टेप लॅपटॉपमध्ये उतरवायला चार दिवस गेले. अंबरीश सर रोज फोन करतात आणि रोज नवीन काही सांगतात.

पण आता झालंय. आणि सुंदर झालंय! सगळं काम सांगते. दोन तुकड्यांच्या मध्ये जिथे जिथे जोड होता तिथे रंगाची पट्टी थरथरायची, इंद्रधनुष्यासारखी. मोठ्या पडद्यावर ते खराब दिसतं. एक एक जोड मी साफ केला, आता कुठे जोडलंय हे कळणारच नाही. मग पूर्ण व्हिडिओ हळू केला. साडेतीन मिनिटांचा होता, आता दहा मिनिटं चालतो. चार तुकडे एकदम धूसर होते, काही दिसतच नव्हतं, ते काढले. खाली तानपुरा लावलाय, अगदी बारीक.

बाबा परवा देवासला येतायत, त्यांच्याबरोबर पेनड्राइव्ह पाठवते. टीव्हीला लावून देतील. बघ आणि सांग, आजोबा असते तर खुश झाले असते की नाही.

आरोही


धार
१७ डिसेंबर २०२४

आरोहीस.

बघितलं.

आज मास्तरांना सांगितलंय की एक शब्द मऊ करायचा नाही. मी बोलेन तसं लिहायचं.

तुझ्या बाबानं रविवारी जेवणानंतर लावून दिलं. मी बाजूचे सगळे दिवे बंद करायला सांगितले. हात आले. पाण्यात बुडालेल्या माणसाचे असावे तसे, हळू हळू. कुणाचं तरी तेरावं चालू असल्यासारखा तो तानपुरा. अगं, त्या बाया चिडल्या होत्या! एकीनं तर पीठ लागलेला हात असा झटकला होता की कॅमेऱ्याच्या काचेवर पीठ उडालं. तू तिला देवी करून टाकलीस.

मी मोजले. सत्तावीस. चार नाहीत.

आता ऐक. मागच्या पत्रात मी विचारलं होतं की झोपलेला माणूस हे कसं काढत असेल. तू म्हणालीस, कोड्यात बोलू नकोस. तर नाही बोलत. काढत होते मी. दुकानाच्या मागे चुलीच्या खोलीत दोन मशिनी होत्या, मध्ये वायर. एकीवर लग्न चालायचं, दुसरीवर नवीन कॅसेट थांबवून ठेवलेली. पाहिजे तो भाग आला की दुसरीचं बटण सोडायचं, नको तो आला की दाबायचं. पण ती मशीन अशी आळशी की बटण सोडलं तरी तिला पळायला वेळ लागे, आणि तुकडा लहान पडला की चित्र चुरगळे. तुझ्या आजोबांनी घड्याळ दिलं होतं. मला घड्याळ कुठे वाचता येतंय? मी घरची माणसं मोजायला लागले. मामंजी, आत्याबाई, थोरले भावजी, जाऊबाई, धाकटे भावजी, वन्सं. सहा झाली की सातवी जागा ह्यांची. ह्यांचं नाव मी घेत नाही. तिथे तोंड बंद, आणि बटण.

ही तुमची सप्तपदी.

बारा वर्षं मी हे काम केलं. धारमधल्या निम्म्या लोकांनी स्वतःचं लग्न माझ्या बोटानं बघितलंय. पाटीवर नाव ह्यांचं, ते ठीक आहे, पाटी मला कुठे वाचता येत होती. पण माझ्या नातीनं सात-सात सेकंद मोजले, एकतीस हात मोजले, आणि हे जोडलं कुणी, एवढं एकदासुद्धा विचारलं नाही. ह्याचा मला राग आहे. रंगाची पट्टी साफ केली म्हणतेस. तो जोड होता बाई. तिथे माझं बोट होतं. तेवढीच एक जागा होती जिथे मी दिसते.

हात का जमवले विचारशील. माहेर शिंप्याचं, हाटपिपल्याला. आमच्याकडे कातरण फेकत नाहीत. गिऱ्हाइकानं टाकून दिलेले तुकडे मी एका कॅसेटीत ठेवत गेले. त्यातल्या सगळ्यांत जास्त बाया हात वर करून 'बस' म्हणणाऱ्या निघाल्या. त्या म्हणाल्या तेव्हा कुणी थांबलं नाही. मग व्याह्यांनी सांगितलं की हे वाईट दिसतं, काढा. मी म्हटलं, आपण तरी ठेवू.

आता चार धूसर तुकड्यांचं. त्यात एकोणिसावा होता. लाल साडी, हिरवा चुडा, मागे कणगी. ती माझी पार्वती. माझी पाठची बहीण, वीस वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच वाढवली. १९८९ ला हाटपिपल्यात तिचं लग्न झालं, आजोबांनीच शूटिंग केलं. तिच्या सासऱ्यानं सांगितलं, नवरी कॅमेऱ्याला हात दाखवते हे बरं नाही, काढा. मी काढलं आणि तिटेच्या कॅसेटीत घातलं. तीन वर्षांनी ती बाळंतपणात गेली. तिच्या लग्नाची आपल्याकडची कॅसेट मी शोधायला गेले, तर डहीच्या एका लग्नाला कोरी मिळाली नव्हती म्हणून ह्यांनी तीवरच भरून टाकलं होतं. त्यानंतर मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, कारण भाजी आणायची होती.

तिचा फोटो नाही. जे आहे ते त्या सहा माणसांच्या नावांएवढं आहे. ते तू धूसर म्हणून काढलंस.

परत घाल. मग तुझं प्रदर्शन कर नाहीतर नको करू.

अक्का


देवास
२० डिसेंबर २०२४

अक्का,

हे पत्र विक्रमसिंह भियांच्या हाती देतेय म्हणजे आजच मिळेल. मी सहा वेळा फोन केला, तू घेतला नाहीस.

मला माफ कर, हे नंतर लिहीन, आता मला मदत पाहिजे. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून कच्ची फाइल मी उडवली होती. मला वाटलं टेप तर आहेच. काल रात्रीचं तुझं पत्र... नाही, काल दुपारी मिळालं, मी लगेच टेप परत लावली. अठराव्या हातापर्यंत ठीक चाललं आणि मग मशीनमधून करकर आवाज आला. टेप आत अडकलीये. झाकणाच्या फटीतून दिसतंय की ती चुरगळून बाहेर आलीये. रेडिओवाला म्हणतो, खींच लो, ज्यादा से ज्यादा टूटेगी. मी त्याला हात लावू दिला नाही. बटण बंद केलंय आणि समोर बसलेय.

अठरा झाले होते अक्का. एकोणीसच अडकलाय.

काय करू?

आरोही


धार
२० डिसेंबर २०२४, संध्याकाळ

आरोही,

विक्रमसिंह बस फिरवायच्या आत लिहून पाहिजे म्हणतोय, म्हणून मास्तर पळत लिहितायत. अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच, कान ओळखतील.

रेडिओवाल्याला बाहेर बसव. मशीनची वायर भिंतीतून काढ. वरचं झाकण चार स्क्रूंचं असतं, उघड. हात बेसनानं धू, साबण नको, साबणाचा वास राहतो म्हणजे साबण राहतो. पुसून कोरडे कर. आत एक गोल चकचकीत डोकं आहे, पट्टी त्याला वेढा घालून बसलेली असेल. ओढायचं नाही. काहीही झालं तरी ओढायचं नाही. बोटाच्या कडेनं वेढा सोडव, लहान मुलाच्या गळ्यातून मण्यांची माळ काढतेस तसा. सुटला की कॅसेटचं चाक बोटानं फिरव, पट्टी आपण होऊन आत जाईल.

चुरगळलेला भाग धुतलेल्या मऊ धोतरावर ठेव आणि नखाच्या पाठीनं सपाट कर. इस्त्री नको! एका मुलानं इस्त्री केली होती, अख्खी वरात जळली. फाटली असेल तर फाटका तेवढाच तुकडा सरळ काप आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोड. जी बाजू डोक्याला घासते तिला चिकटपट्टी लावायची नाही, दुसरीला. कडेला बाहेर आलेली पट्टी ब्लेडनं काढ.

एक-दोन नावं जातील. मामंजी आणि आत्याबाई गेले तर जाऊ देत, जिवंतपणीही ते मध्ये मध्येच यायचे. पुढची सांभाळ.

रागावलेली आहे. पण ते नंतर.

अक्का

(बेटा, त्या बोलताना हवेत बोटं फिरवून दाखवत होत्या. तीस वर्षं समोर राहतो, मला हे माहीत नव्हतं. — शालिग्राम)


देवास
२६ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

निघाली. फाटली होती, पण निघाली. बेसनाने हात धुतले, धोतर घरमालकिणीचं. जोडायला दोन तास लागले आणि सगळा वेळ मी तुझ्याशीच भांडत होते, की ओढायचं नाही तर काय करायचं. लावली तेव्हा मीही नावं मोजली. मामंजी आणि आत्याबाई खरंच गेले. थोरल्या भावजींपासून आहे. हात वर येतो, धाकट्या भावजींपर्यंत तोंडावर राहतो, आणि वन्संच्या वेळी खाली होतो आणि ती दिसते. मी ती पाच नावं... चार नावं, चाळीस वेळा पाहिली. ती हसतेय की रडतेय?

व्हिडिओ मी होता तसा केलाय. एकतीस हात, साडेतीन मिनिटं. जोडांच्या पट्ट्या परत आल्या, तानपुरा गेला. एक नवीन जोड आहे, माझा. तो पण थरथरतो.

आता वाईट सांगते. मी अंबरीश सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. टिपण चुकीचं आहे, हे अक्कानं केलंय, नाव बदला. ते म्हणाले, पुस्तिका छापून झाली. मी म्हटलं, भिंतीवरचं तर बदलता येईल. ते म्हणाले, 'देखो आरोही, एक वेडिंग शूटरचं बंड, ही एक साफ गोष्ट आहे. दादी बटण दाबायची, ते टेक्निकल काम झालं. कल्पना तर त्यांची असणार ना.' मी भांडले. मग त्यांनी खाली एक ओळ द्यायचं कबूल केलं: 'सहकार्य: अक्का.'

परवा उघडतंय. मी काढून घेऊ का व्हिडिओ? तू म्हणशील तर काढून घेते. पण मग पार्वतीआजी परत पेटीत जाईल. मला काहीच सुचत नाहीये. इतकं शिकून मला एका भिंतीवरचं एक नाव बदलता येत नाही.

आरोही


देवास
७ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

दहा दिवस तुझ्या उत्तराची वाट पाहिली. आणि काल मी शाळेत असताना तू येऊन गेलीस! मला हे अंबरीश सरांच्या फोनवरून कळावं? ते ओरडत होते की कोणी एक आजीबाई आणि एक मास्तर दुपारी आले, मास्तरांनी भिंतीवरची पाटी वाचून दाखवली, आजीबाईंनी दोनदा विचारलं की नाव कुठे संपतं, आणि पिशवीतून डबी काढून तिथे बोटाने काळा ठिपका लावला. रखवालदार 'अम्माजी, हाथ मत लगाइए' म्हणत पळत आला तर तू त्याला म्हणालीस, 'लगा चुकी.' मग तू आत जाऊन बाकावर बसलीस आणि तो व्हिडिओ नऊ वेळा पाहिलास. आणि पावणेपाचच्या बसने परत गेलीस. माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे अक्का.

सरांनी ठिपका पुसायला लावला. आज सकाळी मी गेले आणि परत लावला. दुपारी त्यांनी पुन्हा पुसला. मी उद्या लावेन. बारा तारखेपर्यंत आहे प्रदर्शन, आणि काजळाची डबी नवीन आहे.

एक मुलगी विचारत होती की हा ठिपका काय आहे. मी तिला सगळं सांगितलं, दोन मशिनी, वायर, मामंजी, आत्याबाई. ती परत आत गेली आणि मोजत बसली.

तू माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली नाहीस. व्हिडिओ काढून घेऊ का ते विचारलं होतं, आणि पार्वतीआजी हसतेय की रडतेय.

आरोही


धार
१० जानेवारी २०२५

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरी आले नाही कारण आले असते तर तू बरोबर आली असतीस, आणि मला डबी काढू दिली नसतीस. शिकलेल्या माणसांना भिंतीची भीती वाटते.

ह्यांच्या नावाला मी हात लावलेला नाही, हे अंबरीशला सांग. कॅमेरा त्यांचा, खांदा त्यांचा. नाव जिथे संपतं तिथे मी लावला. तेवढी जागा माझी. 'सहकार्य' म्हणजे काय, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मदत. बरं. मग कॅमेरा धरून ह्यांनी मला मदत केली असं लिही म्हणावं. नाही लिहिणार. पुस्तिका छापून झाली ना! लोकांची लग्नं मी तीन-तीनदा पुन्हा जोडून दिली, आणि ह्यांना एक कागद बदलवत नाही. चीड येते बघ, आणि ह्या वयात चीड आली की गुडघे दुखतात.

व्हिडिओ काढू नकोस. राहू दे. तू ठिपका लावतेस ते बरं करतेस. पुसू देत त्यांना.

तुझा जोड बघितला. जरा तिरपा आहे. पण धरलाय.

आता दुसरं. तू चाळीसदा बघितलंस आणि तुला कळलं नाही, म्हणून सांगते. मास्तरांनी लेखणी खाली ठेवली होती, मी म्हटलं उचला. हाटपिपल्याच्या लग्नात दिवा धरायचा माणूस आला नव्हता. तो हॅलोजन त्या दिवशी माझ्या हातात होता. ती कणगीपाशी जरा टेकली होती, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. हे म्हणाले, इकडे दिवा धर. मी धरला. तिनं आधी हात वर केला तो प्रकाशाला. मग हात खाली घेतला आणि दिव्यामागे बघितलं, तर मी. तेव्हा ती म्हणाली, 'अक्का, तू तरी.' आवाज बँडवाल्यांनी खाल्ला. हसत म्हणाली की रडत, ते दिव्यामागून मलाही दिसलं नाही. आणि मी दिवा खाली घेतला नाही.

नऊ वेळा बघितलं. कुठल्याच खेपेला मी तो खाली घेतला नाही.

बारा तारखेला प्रदर्शन संपलं की कॅसेट घेऊन ये. तीट मी लावीन. आणि येताना देवासच्या हाटातून दोन किलो गराडू आण. माती लागलेला, अख्खा. धुवू नकोस, सोलू नकोस, आणि मुख्य म्हणजे कापून आणू नकोस. कापायचं काम माझं.

अक्का